जुनी स्नोमोबाइल पिकअप का घेत नाही?

जानेवारीची सकाळ, उत्तर मिनेसोटा, बाहेर उणे २५ अंश. मालक गॅरेजमधून आपली जुनी पोलारिस इंडी ही स्नोमोबाइल बाहेर काढतो, चोक ओढतो, दोरीला चार हिसके देतो. निळसर धूर सोडत इंजिन चालू होतं आणि थोड्या वेळात एका लयीवर येतं. मग तो सीटवर बसतो, उजव्या अंगठ्यानं थ्रॉटल दाबतो आणि इंजिन ‘ब्वाऽऽ’ करून खाली बसतं. बंद पडत नाही, पण वेगही घेत नाही. सेकंद-दीड सेकंद घुटमळतं, मग एकदम पकड घेतं आणि स्लेड, म्हणजे स्नोमोबाइल, अशी उसळते की मालकाची मान मागे जाते. प्लग नवे टाकून झाले, टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरून झालं, तरी तेच.

आपल्याकडे ज्यांनी आरएक्स-१०० किंवा येझदी वापरली आहे, त्यांना हे दुखणं नवीन नाही. ‘गाडी पिकअप घेत नाही’, ‘मधेच मिसिंग करते’ अशी तक्रार घेऊन आपण गॅरेजमध्ये जायचो आणि मेकॅनिक काही न विचारता कार्बोरेटर उघडायला घ्यायचा. बहुतेक वेळा त्याचा अंदाज बरोबर निघे. पण ‘बहुतेक वेळा’ म्हणजे नेहमी नव्हे. बर्फावर चालणाऱ्या जुन्या स्लेडच्या बाबतीत तर अडखळण्याची कारणं पेट्रोलच्या टाकीपासून थेट ड्राइव्हच्या पट्ट्यापर्यंत पसरलेली असतात. सुटे भाग एकामागून एक बदलत जाणं हा त्यातला सर्वांत महागडा मार्ग. त्याआधी एक प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत: इंजिन नेमकं कधी अडखळतं? थंड असताना की तापल्यावर? थ्रॉटल किती दाबल्यावर? स्लेड जागेवर असताना, की वजन ओढताना?

पिस्टनच्या वर स्फोट, खाली पंप

जुन्या स्नोमोबाइल बहुतांश दोन-स्ट्रोक इंजिनाच्या. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात व्हॅलकोर्ट गावी जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांनी १९५९ साली स्की-डू बाजारात आणली, तेव्हा पहिल्या गाड्यांना छोटं चार-स्ट्रोक इंजिन होतं. पुढे काही वर्षांतच ऑस्ट्रियातल्या रोटॅक्स कंपनीची दोन-स्ट्रोक इंजिनं आली आणि चार दशकं या धंद्यावर त्यांचंच राज्य राहिलं. कारण उघड आहे. भुसभुशीत बर्फावर प्रत्येक किलो जड पडतो आणि दोन-स्ट्रोक इंजिन आपल्या ताकदीच्या मानानं हलकं असतं. शिवाय त्याच्या तळाशी ऑइलचा साठा नसतो, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत ऑइल घट्ट होऊन इंजिन फिरेनासं व्हायची भीतीही कमी.

या इंजिनात झडपांची यंत्रणा नसते. पिस्टन वर जाताना त्याच्या खालच्या बंद खोलीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, पोकळी निर्माण होते आणि कार्बोरेटरमधून हवा व पेट्रोलचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांमधून वर पोचतं. वर स्फोट चाललेला असतो आणि खाली पंप, दोन्ही एकाच पिस्टनवर.

अडखळण्याच्या दृष्टीनं यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, क्रँककेस पूर्ण हवाबंद हवी. तिला बारीक चीर पडली तरी पंपाचा हिशेब चुकतो. दुसरी, इंजिनाला लागणारं ऑइल याच मिश्रणासोबत आत जातं. टाकीतच ऑइल मिसळलेलं असेल, तर पेट्रोल कमी पडणं म्हणजे ऑइलही कमी पडणं. ज्या स्लेडमध्ये ऑइलचा वेगळा पंप असतो, तिथेही पेट्रोलची वाफ होताना पिस्टनला मिळणारा थंडावा घटतोच. म्हणून पेट्रोल कमी पडल्यामुळे येणारं अडखळणं त्रासदायक आहे एवढ्यावर सोडून देता येत नाही. तसंच रेटत दहा-वीस किलोमीटर गेलं तर पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं किंवा पिस्टन सिलिंडरला चिकटतो. उणे २५ अंशांत, रस्त्यापासून दूर, जंगलात.

थ्रॉटल उघडतो त्या क्षणी

पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. जोर हवा असेल तर पेट्रोल थोडं जास्त द्यावं लागतं, म्हणजे साडेबारा-तेरा भागांना एक. पेट्रोल कमी पडलं तर मिश्रण ‘लीन’, जास्त झालं तर ‘रिच’. हे दोन शब्द लेखात पुन्हा पुन्हा येतील.

आता मूळ कोडं. आयडलला इंजिन व्यवस्थित, पूर्ण थ्रॉटलला व्यवस्थित, मग मधेच काय होतं? उत्तर हवा आणि पेट्रोल यांच्या वजनात आहे. अंगठा दाबला की कार्बोरेटरमधली स्लाइड वर उचलली जाते आणि रस्ता एकदम मोठा होतो. हवा हलकी, ती क्षणात आत धावते. पेट्रोल जड, ते बारीक भोकांतून वर ओढलं जायला थोडा वेळ लागतो. शिवाय रस्ता मोठा झाल्यामुळे हवेचा झोत क्षणभर मंदावतो आणि पेट्रोल ओढणारा जोरही कमी होतो. तेवढ्या क्षणापुरतं प्रत्येक कार्बोरेटरचं मिश्रण लीन होतं. कारखान्यात ही उणीव आधीच धरलेली असते: खालच्या टप्प्यात मिश्रण जरासं रिच ठेवलेलं असतं, म्हणजे क्षणभर हवा वरचढ झाली तरी निभावून जातं.

जुन्या स्लेडमध्ये हीच शिल्लक आधी संपते. थोडा कचरा, थोडी गळती, थोडं शिळं पेट्रोल. एकेकटं काहीच जाणवत नाही. सगळं एकत्र आलं की थ्रॉटल हळू दाबला तर गाडी निघते आणि झटकन दाबला तर बसते.

त्यात थंडी भर घालते. शून्य अंशापेक्षा उणे ३० अंशांची हवा साधारण १२ टक्के दाट असते. तेवढ्याच रस्त्यातून प्राणवायू जास्त जातो, पण साध्या कार्बोरेटरमधून येणारं पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही. नोव्हेंबरच्या कोवळ्या थंडीत सुरळीत चाललेली स्लेड जानेवारीत अचानक रुसते, त्यामागे कित्येकदा एवढंच असतं. जुन्या गाडीच्या पुस्तिकेत तापमान आणि उंचीप्रमाणे जेटचे, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यांचे, आकडे देणारा तक्ता असतो. तो पाहणारे मालक मात्र थोडेच.

कार्बोरेटरमधले चार टप्पे

इंडी ५०० ही १९८९ पासून आलेली, ४८८ सीसीची दोन सिलिंडरची स्लेड आजही उत्तर अमेरिकेत अनेक गॅरेजांत सापडते. तिच्यासारख्या बहुतेक जुन्या स्लेडवर मिकुनी या जपानी कंपनीचे व्हीएम मालिकेतले कार्बोरेटर असतात, प्रत्येक सिलिंडरला एक. या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल एकाच भोकातून येत नाही. आयडलपासून पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेटचा अंमल. त्याच्याच जोडीनं, अर्ध्या थ्रॉटलच्या आत, स्लाइडच्या खालच्या कडेचा तिरपा कट किती आहे त्याचा परिणाम. पाव ते पाऊण दरम्यान लांब निमुळती सुई. पाऊणच्या पुढे मेन जेट. कारभार एकाकडून दुसऱ्याकडे हळूहळू सरकतो, पण ढोबळमानानं हाच हिशेब.

म्हणून हँडलवरच्या थ्रॉटलच्या खोक्याला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करायच्या आणि स्लेड चालवून नेमकी कुठल्या खुणेला अडखळते ते पाहायचं. दिसायला हा पोरखेळ वाटतो. पण पाव थ्रॉटलच्या आत अडखळणाऱ्या गाडीचा मेन जेट बदलून उपयोग शून्य, हे त्या पट्टीवरून पाच मिनिटांत कळतं.

निघताना अडखळणाऱ्या गाडीत पहिला संशयित पायलट जेट. कार्बोरेटरखालची वाटी काढली की आत पितळेचा हा तुकडा स्क्रूसारखा बसवलेला दिसतो. लांबी करंगळीच्या नखाएवढी, अंगावर ३० किंवा ४० असा आकडा कोरलेला आणि मधोमध अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरचं भोक. काढून उजेडाकडे धरला की भोक स्वच्छ, गोल दिसायला हवं. उन्हाळाभर पेट्रोल न काढता ठेवलेल्या स्लेडमध्ये ते अर्धचंद्रासारखं दिसतं किंवा दिसतच नाही. पेट्रोलचा हलका अंश उडून गेलेला असतो आणि मागे उरलेला पिवळसर, चिकट थर भोकाच्या कडेला लाखेसारखा बसलेला असतो. पंप मारायचा घासलेटचा स्टो ज्यांच्या घरात होता त्यांना हे लगेच उमगेल: निपलमध्ये काजळी अडकली की स्टो पेटलेला दिसे, पण ज्योत पिवळी आणि दुबळी, आणि पातेल्यातलं पाणी काही उकळेना. स्टोला आपण पिन मारायचो. जेटला मात्र लोखंडी पिन किंवा टाचणी मारायची नाही. पितळ मऊ असतं. भोक केसभर मोठं झालं तरी जेटवरचा आकडा खोटा ठरतो. कार्ब क्लीनरमध्ये बुडवून ठेवायचा आणि मग दाबाच्या हवेनं फुंकायचा. तरीही भोक गोल दिसत नसेल तर नवा घ्यायचा.

जेट काढल्यावर तो ज्या भोकात बसतो ते, आणि तिथून कार्बोरेटरच्या घशात उघडणारी सुईच्या टोकाएवढी छिद्रंही फुंकून पाहावीत. ‘कार्बोरेटर साफ केला, तरी फरक नाही’ असं म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी वाटी पुसून परत लावलेली असते, असं माझं मत आहे. बाहेरच्या अंगाला एअर स्क्रू असतो. तो अलगद पूर्ण आत नेऊन पुस्तिकेत सांगितलेले फेरे बाहेर काढायचा, साधारण एक ते दीड. बाहेर काढला की हवा वाढते, म्हणजे मिश्रण लीन. दोन कार्बोरेटर असतील तर दोघांच्या स्लाइड एकाच वेळी उचलल्या जातात का, हेही तेव्हाच पाहून घ्यावं. केबल ताणली जाऊन एक स्लाइड आधी उचलली गेली तर एक सिलिंडर धावतो आणि दुसरा मागे राहतो, आणि मालकाला ते अडखळल्यासारखंच भासतं.

लीन की रिच? चोक सांगतो

लीन आणि रिच, दोन्हीमुळे गाडी अडखळते, पण उपाय उलटे आहेत. म्हणून काहीही फिरवण्याआधी हा निवाडा व्हायला हवा. साधा मार्ग म्हणजे चोक. मिकुनी व्हीएमचा चोक हवा अडवत नाही, तो जादा पेट्रोलचा वेगळा रस्ता उघडतो. तापलेल्या इंजिनावर, अडखळण्याच्या क्षणी, तो अर्धवट ओढून पाहायचा. गाडीनं चटकन पकड घेतली तर ती पेट्रोलला भुकेली होती, म्हणजे लीन. आणखीच गुदमरली तर आधीच पोट भरलेलं होतं, म्हणजे रिच. कमी थ्रॉटलवर ही परीक्षा जास्त बोलकी असते. पूर्ण थ्रॉटलवर चोकचा परिणाम फारसा जाणवत नाही.

कानानंही बरंच कळतं. लीन अडखळणं पोकळ असतं, सुरुवातीला लिहिलेलं ‘ब्वाऽऽ’. रिच असेल तर ‘बड्-बड्-बड्’ असा ओला, तुटक आवाज आणि मागे धुराचा लोट. लीन गाडी थंड असताना जास्त त्रास देते आणि तापल्यावर जरा सुधारते. रिच गाडी उलट; सकाळी छान, दुपारी बिघडलेली. प्लग काढून पाहिला तर लीनमध्ये तो पांढुरका, कोरडा. रिचमध्ये काळा, ओला. तपकिरी रंग ठीक. पण अर्धा तास आयडलवर चाललेल्या इंजिनाचा प्लग काढून निदान करू नये, तो काळाच निघणार. ज्या थ्रॉटलवर शंका आहे तिथे थोडं अंतर चालवायचं, तिथेच इंजिन बंद करायचं आणि मग प्लग पाहायचा. थंडीत तापलेला प्लग काढायचा म्हणजे बोटांची परीक्षा, हातमोजे हवेतच.

> चौकट: लक्षण पाहा, मग पान्हा उचला
>
> निघतानाच अडखळते, चोकनं सुधारते: पायलट जेट, एअर स्क्रू, इंजिन आणि कार्बोरेटरमधलं रबर.
>
> मधल्या थ्रॉटलला अडखळते: सुईची उंची, सुई ज्यात फिरते त्या नळीची झीज.
>
> थोडा वेळ जोरात पळते, मग दम टाकते: पेट्रोल पंपाचा पडदा, टाकीतली गाळणी, वाटीतली पातळी, टाकीच्या टोपणाचं श्वासछिद्र.
>
> तापल्यावरच मिसिंग: कॉइल, स्टेटर किंवा रिच मिश्रण.
>
> रिकामी फिरताना झकास, वजन आलं की बसते: क्लच आणि पट्टा, मग ठिणगी.

चोरवाटेनं येणारी हवा

जेट स्वच्छ, आकडे बरोबर, तरी गाडी लीनच. मग हवा दुसरीकडून घुसते आहे. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचं जाड नळकांडं असतं. तीस वर्षांची थंडी, पेट्रोल आणि थरथर सोसून त्याला बारीक चिरा पडतात. वरून पाहिलं तर रबर धडधाकट दिसतं. कार्बोरेटर सोडवून रबर अंगठ्यानं वाकवलं की चिरा तोंड उघडतात. कित्येक जण चालू इंजिनावर त्या भागात कार्ब क्लीनर फवारून आवाज बदलतो का ते पाहतात. युक्ती चालते, पण तापलेल्या सायलेन्सरशेजारी ज्वालाग्राही फवारा मारणं मला पटत नाही. इंजिन बंद करून सायलेन्सरकडचं आणि कार्बोरेटरकडचं तोंड बुचांनी बंद करायचं, आत ५-६ पीएसआय एवढाच हलका दाब भरायचा आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावायचं, ही पद्धत सुरक्षित आणि खात्रीची. दाब काही मिनिटं टिकायला हवा. बुडबुडे आले तिथे गळती. क्रँकच्या टोकांना असलेली ऑइल सील गळत असतील तर तीही याच चाचणीत उघडी पडतात. थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाचा वेग लगेच खाली न येता लटकत राहिला, तर या सीलांवर संशय घ्यावाच.

पेट्रोल पंपाचं दुखणं याच घराण्यातलं. जुन्या स्लेडमध्ये विजेवर चालणारा पंप नसतो. क्रँककेसमधला दाब दर फेऱ्याला वर-खाली होतो, तो एका नळीतून पंपापर्यंत नेलेला असतो आणि तिथला पातळ पडदा त्या दाबानं थरथरून पेट्रोल ढकलतो. नळीला चीर गेली किंवा पडदा वयानं ताठरला की पंप आयडलपुरतं पेट्रोल पुरवतो, पण लांब सरळ पट्ट्यात थ्रॉटल पूर्ण दाबला की कार्बोरेटरच्या वाटीतली पातळी खाली जाते. गाडी काही सेकंद सुसाट पळते आणि मग मरगळते. पडदे आणि गॅस्केटचा संच फार महाग नसतो. तीस वर्षांत तो एकदाही बदलला नसेल, तर पुढची शोधाशोध करण्याआधी बदलून टाकावा.

पेट्रोल, पाणी आणि इथेनॉल

मिनेसोटात साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणं कायद्यानं सक्तीचं आहे. पण जुन्या संग्राह्य मोटारी, बोटी, छोटी इंजिनं आणि स्नोमोबाइल यांच्यासाठी बिनइथेनॉलचं प्रीमियम पेट्रोल विकायला त्याच कायद्यात मुभा ठेवली आहे. ती उगीच ठेवलेली नाही. १० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल हवेच्या मानानं थोडं जास्त लागतं. जेट तेच ठेवले तर मिश्रण तीन-चार टक्के लीन होतं, आणि शिल्लक संपलेल्या जुन्या गाडीला तेवढंही पुरतं. दुसरं म्हणजे पाणी. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. साधारण १५ अंशांना असं पेट्रोल अर्धा टक्का पाणी आपल्यात सामावून ठेवतं; थंडी वाढली की ही क्षमता घटते. मग पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होतो आणि टाकीच्या तळाशी जातो, म्हणजे नेमका पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी. आपल्याकडे आता पंपांवर सर्रास २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेव्हा कोपऱ्यात उभी असलेली जुनी लूना किंवा आरएक्स पुन्हा चालू करू पाहणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. दोन्हींकडे पहिलं काम एकच: कार्बोरेटरची वाटी काचेच्या भांड्यात रिकामी करायची आणि तळाशी काय बसतं ते पाहायचं.

बर्फाचा एक प्रकार तर थेट कार्बोरेटरमध्येच होतो. पेट्रोलची वाफ होताना आजूबाजूची हवा थंड होते आणि हवेतला ओलावा स्लाइडभोवती गोठतो. गंमत म्हणजे हे उणे ३० ला फारसं घडत नाही, कारण त्या हवेत ओलावाच नसतो. शून्याच्या आसपासच्या, दमट, बर्फ भुरभुरणाऱ्या दिवशी जास्त घडतं. काही स्लेडमध्ये म्हणूनच इंजिनाचं गरम पाणी कार्बोरेटरभोवती फिरवण्याची सोय असते.

आणि उंदीर! उन्हाळ्यात पडून असलेल्या स्लेडचा एअरबॉक्स म्हणजे त्यांना तयार घर. सीटमधला स्पंज, गवत, चिंध्या आत भरल्या की हवेचा रस्ता आखडतो आणि गाडी रिच होऊन बडबडते. मालक जेट बदलत बसतो.

ठिणगी, आणि एक स्विच

मिश्रण दाबलेलं असताना ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून दुबळी कॉइल आयडलला काम भागवते आणि थ्रॉटल उघडून सिलिंडर भरला की मागे हटते. हे अडखळणं लीनसारखंच वाटतं, पण चोकनं सुधारत नाही. प्लग बाहेर काढून धातूला टेकवून निळी ठिणगी दिसली म्हणजे सगळं ठीक, हा समज अपुरा आहे. बाहेरच्या हवेत तसा दाबच नसतो. आधी स्वस्त गोष्टी पाहाव्यात: प्लगमधलं अंतर पुस्तिकेप्रमाणे आहे का, प्लगची टोपी सैल झाली आहे का, वायरचं टोक गंजलं आहे का. फ्लायव्हीलमागचा स्टेटर म्हातारा झाला असेल तर थंडपणी ठीक चालतो आणि तापल्यावर वायरचा रोध बदलून दगा देतो. त्याची मोजणी थंड आणि गरम अशी दोनदा करावी.

एक गोष्ट मोटारसायकलवाल्यांना ठाऊक नसते. थंडीत कार्बोरेटरची स्लाइड उघडीच गोठली तर अंगठा सोडूनही स्लेड पळत राहील, म्हणून पोलारिस, यामाहा अशा कंपन्यांनी थ्रॉटलमध्ये सुरक्षेचा स्विच दिला. अंगठा सोडलेला असताना केबल ढिली पडलेली दिसली की तो ठिणगी तोडतो किंवा इंजिनाचा वेग रोखून धरतो. तो स्विच झिजला, किंवा केबल चुकीची जुळवली, की भल्याचांगल्या इंजिनालाही तो मधेच तोडत राहतो. लक्षण हुबेहूब मिसिंगचं. पुस्तिकेत या स्विचची तपासणी कशी करायची ते दिलेलं असतं. दोष सापडला तर स्विच नवा घालायचा. तो कायमचा तोडून टाकायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नये. झाडांमधून जाताना थ्रॉटल अडकण्याइतकं वाईट काही नाही.

उंचीवर गेल्यावर

गुलमर्गला हौसेनं स्नोमोबाइलवर बसून आलेल्या मराठी पर्यटकांना धुराचा वास आठवत असेल. गुलमर्गची उंची सुमारे २६५० मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटीहूनही थोडा कमी. सपाटीसाठी लावलेले जेट तिथे तसेच ठेवले तर हवा कमी, पेट्रोल तेवढंच, म्हणजे गाडी रिच. मिनेसोटातली स्लेड ट्रेलरवर घालून कोलोरॅडोच्या डोंगरात नेणाऱ्यांचाही हाच अनुभव. तिथे मेन जेट लहान घालावा लागतो. खरी जोखीम परतीची. डोंगरातले लहान जेट विसरून स्लेड सपाटीवर, दाट थंड हवेत पूर्ण थ्रॉटलनं पळवली की पिस्टन गेलाच. पेट्रोल इंजेक्शनच्या नव्या स्लेड हवेचा दाब आणि तापमान स्वतः मोजून घेतात. जुन्यांना पान्हा घेऊन बसणारा माणूस लागतो.

इंजिन निर्दोष असतं तेव्हा

सगळं तपासून झालं, दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं निघालं, तरी गाडी निघताना बसते. अशा वेळी मागचा भाग स्टँडवर उचलून स्लेड पुढे नेणारा ट्रॅक रिकामा फिरवून पाहतात. हे करताना ट्रॅकच्या मागे कुणीही उभं राहू नये. सुटलेला खिळा किंवा बर्फाचा तुकडा गोळीसारखा येतो. रिकाम्या ट्रॅकवर इंजिन चटकन वेग घेत असेल आणि जमिनीवर टेकल्यावरच बसत असेल, तर क्लचकडे पाहायची वेळ झाली.

स्नोमोबाइलला गिअर नसतात. दोन पुल्या आणि त्यांच्यामधला रुंद रबरी पट्टा, असा आपल्या ऑटोमॅटिक स्कूटरच्या जातीचा ड्राइव्ह असतो. पुढच्या पुलीतली वजनं इंजिनाच्या वेगानं बाहेर फेकली जातात आणि स्प्रिंगच्या विरोधात पुली मिटवून पट्टा पकडतात. ही पकड साधारण साडेतीन-चार हजार फेऱ्यांना बसावी अशी रचना असते, कारण त्याखाली दोन-स्ट्रोक इंजिनात ओढण्याचा दमच नसतो. स्प्रिंग म्हातारी झाली की पकड लवकर बसते आणि इंजिनावर नको त्या वेळी ओझं पडतं. ‘ब्वाऽऽ’ तसंच ऐकू येतं, पण कार्बोरेटरचा यात काही हात नसतो. वजनं पिनेवर गंजून अडकली, मागच्या पुलीतले प्लास्टिकचे गुटके झिजले, तरी हेच.

पट्टा मोजायला व्हर्नियर पुरतो. नव्यापेक्षा रुंदी ३ मिलिमीटरच्या आसपास घटली, कडा चकचकीत झाल्या किंवा एका जागी खड्डा पडला, की तो बदलायचा. पुस्तिकेत रुंदीची अचूक मर्यादा असते, तीच धरावी. नवा पट्टा घालण्याआधी दोन्ही पुल्यांच्या तोंडांवरचं जुनं रबर घासून स्वच्छ फडक्यानं पुसायचं, आणि पहिले काही किलोमीटर जोर न लावता चालवायचं. काढलेला पट्टा तुटलेला नसेल तर फेकून देऊ नका. बॉनेटखाली त्याला अडकवायला जागा केलेली असते, आणि नवा पट्टा वाटेत तुटला तर घरापर्यंत तोच आणतो.